थकबाकी

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला दोन प्रकारची झोप असते. एक, हिशेब जुळलेल्या रात्रीची आणि दुसरी, न जुळलेल्या रात्रीची. दुसरीला झोप म्हणायची केवळ पद्धत आहे.

मी १९९९ साली बँकेत चिकटलो तेव्हा आमच्या शाखेत अजून लेजरं होती. दोन माणसांनी उचलावीत अशी. बॅलन्सिंगच्या रात्री अठरा रुपयांचा फरक आला की आमचे हेडक्लार्क चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "नवानं भाग जातोय ना? मग कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. पंच्याहत्तरचे सत्तावन्न केलेत. शोधा." आम्ही शोधायचो. एकदा रात्री साडेदहाला मी म्हणालो, "साहेब, अठरा रुपये मी खिशातून टाकतो, पण घरी जाऊ या." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवळाच्या दानपेटीत हात घालताना सापडलो होतो. "प्रश्न अठरा रुपयांचा नाही," ते म्हणाले, "आपल्याकडे काय आहे हे आपल्याला माहीत नाही, हा आहे."

हे वाक्य मला पंचवीस वर्षांनी पुन्हा भेटेल, आणि तेही घरातल्या लॅपटॉपवर, असं वाटलं नव्हतं.

झालं असं, की गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगसाठी पुण्याला हॉस्टेलवर निघाले. घरातला जुना लॅपटॉप आमच्या वाट्याला आला. त्यात विंडोज १० होतं आणि त्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती. विंडोज ११ च्या अटींत आमचा लॅपटॉप वयानं बसत नव्हता. मी नव्याची किंमत विचारून आलो आणि दोन ग्लास पाणी प्यालो. तेव्हा चिरंजीव म्हणाले, "कशाला बाबा? मी लिनक्स टाकून देतो. फुकट आहे."

बँकेतल्या माणसाला 'फुकट' म्हटलं की आधी फसवणुकीचं परिपत्रक आठवतं. पण मुलगा आपलाच होता.

त्यानं काम काढलं ते नेमकं निघायच्या आदल्या रात्री. सकाळी सहाची एस.टी. स्वयंपाकघरात सौभाग्यवती पुरणपोळ्या लाटतायत, डोळे पुसतायत आणि दोन्हीचा दोष कांद्याला देतायत. वास्तविक पुरणपोळीत कांदा नसतो. आणि हे महाशय त्या डबड्यासमोर. अकरा वाजले, बारा वाजले. शेवटी माझा तोल गेला. "अरे, उद्यापासून तू घरात नाहीस. आज तरी आईजवळ दोन घटका बसशील की नाही?"

"झालंच बाबा, पाच मिनिटं."

ती पाच मिनिटं रात्री दोनला संपली. मी तोवर पाठ करून झोपलो होतो, अर्थात दुसऱ्या प्रकारची झोप. सकाळी स्टँडवर मी त्याला 'पैसे जपून वापर' एवढंच बोललो. त्यानं खिडकीतून एक चिठ्ठी दिली. तिच्यावर काही आज्ञा लिहिल्या होत्या. "बाबा, दर रविवारी अपडेट करत जा. विसरू नका हं." गाडी सुटली. तुळशीला पाणी घालायला सांगून जावं तसा हा मुलगा मला कॉम्प्युटर सांगून गेला.

मी रविवारी आंघोळ, पूजा उरकून लॅपटॉप उघडायला लागलो. वांगी रंगाची एक खिडकी उघडायची आणि चिठ्ठीतली पहिली ओळ लिहायची : सूडो अ‍ॅप्ट अपडेट. यातला 'सूडो' म्हणजे साहेबांच्या अधिकारात काम करणं. नाव मात्र कुणावर तरी सूड उगवायला निघाल्यासारखं. तो लगेच पासवर्ड विचारतो आणि आपण तो लिहिताना पडद्यावर काहीही उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. पहिल्या रविवारी मी कीबोर्ड बिघडला समजून तो उलटा करून झटकला. त्यातून मुलाच्या दहावीच्या वर्षातले शेव-चिवड्याचे अवशेष निघाले.

मग ओळी धावायच्या आणि शेवटी इंग्रजीत लिहून यायचं, की ४७ पॅकेजं अपग्रेड करता येण्याजोगी आहेत. मी समाधानानं खिडकी बंद करायचो. पुढे ४७ चे ९३ झाले, ९३ चे १५८ झाले. मला वाटलं, मी इतकं नियमानं अपडेट करतोय, तेव्हा आकडा वाढणारच. मुदत ठेवीचा आकडा वाढल्यावर कुणी तक्रार करतं का?

मधून मधून 'नवीन सॉफ्टवेअर आलं आहे, आत्ता घेऊ का?' असं विचारणारी एक चौकट आपणहून यायची. ती मी ताबडतोब बंद करायचो. 'अनोळखी चौकटीवर बोट लावू नका' हे मी रोज काउंटरवर चाळीस जणांना सांगतो. स्वतःच कसं लावणार?

शेजारचे काका एकदा म्हणाले, "काय हो, चिरंजीव इंजिनिअर होणार. पॅकेज किती मिळेल?" मी म्हणालो, "ते माहीत नाही, पण सध्या घरी एकशे अठ्ठावन्न थकलीत." ते तेव्हापासून माझ्याशी जपून बोलतात.

नोव्हेंबरात फोनवर मी हा आकडा मुलाला अभिमानानं सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता.

"बाबा, तुम्ही अपग्रेड कधी केलंत?"

"दर रविवारी."

"ते अपडेट. अपग्रेड?"

"दोन्ही एकच ना?"

"बाबा," तो म्हणाला, "पासबुकात एंट्री मारून घेतली म्हणजे हप्ता भरला जातो का?"

वाचकहो, आमच्या शाखेत एक आजोबा होते. ते दर महिन्याला यायचे, कर्जाची बाकी किती ते विचारायचे, आकडा कागदावर लिहून घ्यायचे आणि 'बरं झालं, कळलं' म्हणून घरी जायचे. पाच महिन्यांनी नोटीस गेली तेव्हा ते रागावून आले. "दर महिन्याला येऊन जातो की मी!" त्यांच्यावर आम्ही सगळे वर्षभर हसलो होतो. ते पाप मला इथे फेडावं लागलं. अपडेट म्हणजे नुसती बाहेरच्या भांडारातून नवी यादी मागवून घेणं. कशाकशाची नवी आवृत्ती आली आहे ते तिच्यावरून कळतं. माल घरात येतो तो अपग्रेडनं. मी तीन महिने यादी मागवत होतो आणि वाण्याला पैसे दिल्याच्या थाटात ढेकर देत होतो.

"नशीब, सुरक्षेचं तातडीचं काम उबंटू आपलं आपण करून टाकतं," मुलगा म्हणाला. म्हणजे विजेचं बिल जसं खात्यातून परस्पर जातं तसं. बाकीची थकबाकी मात्र माझी.

मग मी रजा असलेल्या एका शनिवारी रीतसर अभ्यासाला बसलो, आणि खरं सांगतो, मला माहेरी आल्यासारखं वाटलं. कारण आत सगळी बँकच आहे.

हे उबंटू २००४ साली निघालं. ते उभं आहे डेबियन नावाच्या जुन्या पायावर. डेबियन १९९३ साली इयान मर्डॉक या तरुणानं सुरू केलं आणि आपल्या तेव्हाच्या मैत्रिणीचं, डेब्राचं नाव पुढे लावून त्यात आपलं जोडलं. म्हणजे मुळातच जॉइंट अकाउंट. त्यात 'स्टेटस' नावाची एक साधी, डोळ्यांनी वाचता येणारी मजकुराची फाइल असते. कुठलं पॅकेज बसवलंय, कितवी आवृत्ती, ते कुणावर अवलंबून आहे, सगळं तिच्यात. हे लेजर! 'अ‍ॅप्ट लिस्ट' म्हणून पुढे दोन रेघा आणि 'इन्स्टॉल्ड' लिहिलं की आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी येते; 'अपग्रेडेबल' लिहिलं की थकबाकीदारांची. आमच्याकडे एकूण १,८४६ पॅकेजं निघाली. मी आयुष्यात मागितलेली त्यात फार तर दहा. बाकीचे सगळे जामीनदार! एक पॅकेज मागवलं की ते म्हणतं, माझ्यासाठी हा लागेल. तो म्हणतो, माझ्यासाठी तो. मात्र जामीनदार म्हणून आपोआप आलेल्यांवर तशी खूण असते आणि मूळ कर्जदार गेला की 'यांची आता गरज नाही' असं यंत्र स्वतःहून सांगतं. आमच्याकडे जामीनदारांना इतक्या सन्मानानं कुणी सोडत नाही.

बाहेरून येणारी यादीसुद्धा सहीनिशी येते. त्या सहीची नमुना-प्रत आपल्या यंत्रात आधीच ठेवलेली असते. सही जुळली नाही तर यादी परत. प्रत्येक पॅकेजाचा ठसाही यादीशी ताडून पाहिला जातो. हे वाचून मी उभा राहिलो होतो. पंचवीस वर्षं चेकवरच्या सह्या पाहणाऱ्या माणसाच्या भावना इतरांना कळायच्या नाहीत.

'डीपीकेजी' म्हणून दुसरी एक यादी आहे. तिच्यात प्रत्येक नावापुढे दोन अक्षरं असतात. पहिलं म्हणजे मालकाला काय हवंय आणि दुसरं म्हणजे प्रत्यक्षात काय आहे. दोन्हीकडे 'आय' असला की बसवायचं होतं आणि बसलंय. काही ओळींपुढे 'आर' आणि 'सी' होतं. म्हणजे पॅकेज काढून टाकलंय, पण त्याची मांडामांड अजून जागच्या जागी आहे. मी चहा आणायला आत गेलो तेव्हा वाटेत चिरंजीवांची खोली दिसली. टेबल तसंच, भिंतीवर वेळापत्रक तसंच, कोपऱ्यात एक फुटकी बॅट. आरसी.

"पण एवढं बघायचं कशाला?" सौभाग्यवतींनी विचारलं. "चालतंय ना?"

हाच प्रश्न मी मुलाला विचारला होता तेव्हा त्यानं मला एक्स-झेडची गोष्ट सांगितली होती. एक्स-झेड म्हणजे फाइली दाबून लहान करणारं एक साधं पॅकेज. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं, पण नाव कुणी घेत नाही, आमच्या शिपायासारखं. त्याच्या कामात एक जण मदतीला आला, दोन वर्षांहून अधिक काळ इमानानं काम करून त्यानं विश्वास मिळवला, आणि २०२४ साली ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवून दिला. आमच्याकडे याला 'सुरुवातीचे हप्ते वेळेवर भरणारा' म्हणतात. सगळ्यात धोकादायक जात.

पकडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेसवर काम करणारा एक प्रोग्रामर दुसरंच काही मोजत बसला होता. त्याच्या लक्षात आलं, की दूरच्या यंत्रात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसरा कुणी म्हणाला असता, जाऊ दे. हा खणत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्यानं सगळं जगासमोर मांडलं. तोवर त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोचल्या होत्या. सर्वसामान्यांच्या स्थिर आवृत्तीत शिरायच्या होत्या. उबंटूनं आपल्या २४.०४ ची बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली. आमचे हेडक्लार्क आज असते तर त्या गृहस्थाला त्यांनी शाखेत बोलावून चहा पाजला असता.

गंमत अशी, की त्या वेळी सगळ्यात आधी अडकले ते सगळ्यात नवं घेणारे. म्हणजे नवं घेत राहणं एवढ्यानं भागत नाही. त्या दिवशी जगातल्या प्रत्येक यंत्रवाल्याला एकच प्रश्न होता : माझ्याकडे कितवी आहे? ज्याला यादी वाचता येत होती तो मिनिटात मोकळा झाला.

एवढं ऐकल्यावर मी आमची यादी पाहिली नसती तरच नवल. एक्स-झेडच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पोटात खड्डा पडला. ५.६.१! मी तसाच फोन लावला. "अरे, आपल्या घरात चोर आहे!"

"पुढे वाचा, बाबा. पुढे काय लिहिलंय?"

पुढे अधिकचं चिन्ह आणि शब्द होता 'रिअली', मग ५.४.५. आवृत्तीच्या आकड्यात 'रिअली'! त्याचा अर्थ असा, की यंत्र आपणहून फक्त मोठ्या आकड्याकडे जातं, मागे येत नाही. म्हणून जुना, निर्दोष माल मोठ्या आकड्याच्या वेष्टनात घालून पाठवला आणि वर प्रामाणिकपणे लिहिलं, 'खरं म्हणजे ५.४.५'. मला हे समजावून सांगायची गरजच नव्हती. लेजरमध्ये खोडरबर चालत नाही. चूक झाली तर उलट नोंद करायची आणि शेजारी कारण लिहायचं. माणसांच्या बाबतीतही ही सोय हवी होती. 'जाताना रागावून बोललो. खरं म्हणजे वाईट वाटत होतं.'

त्याच शनिवारी रात्री मी अपग्रेडची आज्ञा दिली. अर्धा तास ओळी धावत होत्या. सगळं झाल्यावर यादी पाहिली. १५८ पैकी १५५ गेली होती. तीन शिल्लक.

तीन! नवानं भाग जाईना. पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा तीन. वर इंग्रजीत लिहिलं होतं, 'फेजिंग'मुळे पुढे ढकलली. मी बाहेर जाऊन मीटरबोर्ड पाहून आलो. आमच्या सांगलीत 'फेज गेली' म्हटलं की माणूस मीटरबोर्डाकडेच जातो. तिन्ही फेज होत्या. रात्रीचे अकरा वाजलेले, मुलाला उठवायचं नव्हतं. आणि तीनचा फरक ठेवून झोपायचं तर पंचवीस वर्षं वाया गेली.

तेव्हा मला हेडक्लार्कांचा दुसरा मंत्र आठवला. 'फरक सापडत नसेल तर ओपनिंग बॅलन्सपासून बघा.' अ‍ॅप्टचं एक रोजकीर्दीसारखं दप्तर असतं. कधी सुरुवात केली, कुठली आज्ञा, कुणी दिली, काय बसवलं, कधी संपलं, सगळं तारीखवेळेसह. जुन्या महिन्यांची दप्तरं दाबून बाजूला ठेवलेली असतात. ती उघडायची ओळ चिठ्ठीत तळाला होतीच. मी ऑगस्टचं दप्तर काढलं.

निघायच्या आदल्या रात्रीचं पान होतं ते.

रात्री ११:५२. मराठी टंकनाची सोय बसवली. १२:०९. ती काढली. १२:१५. दुसरी बसवली, आयबस-एम-सतरा-एन. १२:४०. ऐल्सरिऑट. हा पत्त्यांचा खेळ. 'बाबा, सारखे पत्ते काय खेळता' असं मला आयुष्यभर ऐकवणाऱ्या मुलानं बसवलेला. १:१४. चीज. हे कॅमेऱ्याचं पॅकेज आहे. व्हिडिओ कॉलवर आईला आपला चेहरा नीट दिसावा म्हणून त्यानं कॅमेरा तपासला होता. १:४७. ग्नूकॅश. हिशेबाचं पॅकेज, दुहेरी नोंद पद्धतीचं. प्रत्येक नोंदीत 'कुणी मागितलं' या रकान्यात एकच नाव : बाबा. लॅपटॉपवर खातं एकच, माझ्या नावाचं. दुसऱ्याच्या खात्यानं काम करणं हा बँकेत निलंबनाचा गुन्हा आहे.

ती पाच मिनिटं अशी गेली होती. सगळं माझ्या नावावर जमा करून पोरगं सहाच्या एस.टी.नं गेलं आणि मी तीन महिने पासबुक उघडलं नव्हतं.

मी सौभाग्यवतींना उठवलं. त्यांनी ती ओळ वाचली. "चीज? घरात चीज कधी आणलं होतं?" म्हणाल्या. मी समजावून सांगितलं. मग त्या काही बोलल्या नाहीत. डोळ्यांना पदर लावला. या वेळी कांद्याचं नाव घेतलं नाही.

सकाळी फोन केला. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं. प्रत्यक्षात मी म्हणालो, "नाश्ता केलास का?"

"केला. काय बाबा, किती राहिले?"

"तीन."

"ते टप्प्याटप्प्यानं देतात. आधी थोड्या लोकांना, काही बिघडत नाही असं दिसलं की सगळ्यांना. काही करू नका, येतील आपोआप."

"बरं. आणि ते... त्या रात्रीचं दप्तर वाचलं मी."

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "ती पहिली मराठीची सोय बरोबर नव्हती. जोडाक्षरं नीट येत नव्हती. तुम्ही लिहिता ना, म्हणून..."

"हं," मी म्हणालो. आमच्या घराण्यात याहून जास्त बोलायची पद्धत नाही.

"बाबा, अपग्रेडनंतर रीस्टार्ट केलंत का? नाहीतर आतला जुनाच चालत राहतो."

"करतो," मी म्हणालो.

हा लेख त्याच कळफलकावर लिहिला आहे. जोडाक्षरं उत्तम येतात. त्या रविवारी रात्री शिल्लक पाहिली, तीनच होती. फरक तसाच ठेवून मी आडवा झालो आणि पंचवीस वर्षांत प्रथमच न जुळलेल्या हिशेबावर मला पहिल्या प्रकारची झोप लागली.